होडीवाल्याचं लग्न

माझ्या बायकोनं माझ्या देखत एका होडीवाल्याला मागणी घातली, याला शेजारी साक्षीला आहेत. मोहियुद्दीनभाई होते, त्यांच्या बेगम रुकय्याभाभी होत्या आणि समोरच्या बिऱ्हाडातला धाकलू होता. एकानंही तिला अडवलं नाही. उलट धाकलूनं टाळी वाजवली. आता हा होडीवाला मीच जन्माला घातलेला असल्यामुळं तक्रार कुणाकडं करावी हेही मला कळेना.

पण मी शेपटाकडून सांगायला लागलो. फाशांपासून सांगतो.

रसायनीच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर. बॉयलर बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर काम आटोपून मायदेशी गेला आणि गेस्ट हाऊसच्या कपाटात एक पातळ पुस्तिका आणि एक कापडी पिशवी विसरला. पिशवीत फासे होते, पण आपण सोंगट्यांना वापरतो तसे नव्हेत. एकाला चार तोंडं, एकाला आठ आणि एकाला चक्क वीस. बेवारस वस्तू स्टोअर्समध्ये जमा करायची असा नियम आहे, पण जमा करायची तर तिचा वर्ग ठरायला हवा. फासे 'सुटे भाग' यात बसेनात आणि 'स्टेशनरी'तही बसेनात. वर विचारणा केली, तर 'संबंधितांनी योग्य ती व्यवस्था करावी' असा शेरा आला. संबंधित मीच होतो. मी योग्य ती व्यवस्था केली आणि पिशवी कर्जतला घरी आणली.

पुस्तिका इंग्रजी होती. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती वाचली आणि अक्षरशः थक्क झालो. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार माणसं बसतात आणि प्रत्येक जण एक सोंग घेतो. पाचवा सूत्रधार. तो सांगतो, समोर जंगल आहे, जंगलात गुहा आहे. मग काय करायचं ते ज्याचं त्यानं बोलायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. बस्स, एवढंच. बसल्या जागी माणूस दुसराच कुणीतरी होतो आणि त्याला तिकीट पडत नाही! त्या वेळी आमच्या आळीत टीव्हीच्या काड्या नुकत्या कौलांवर दिसायला लागल्या होत्या, पण हे काही टीव्हीवर दिसणाऱ्यातलं नव्हतं.

रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत खेळ सुरू झाला. मोहियुद्दीनभाईंचं बाजारात कापडाचं दुकान. मीटरमागं दोन बोटं कापड जास्तच सोडणारा माणूस. ते दरोडेखोर झाले आणि चहा यायच्या आत त्यांनी व्यापाऱ्यांचा एक तांडा लुटला. धाकलू बँकर इंजिनावर ड्रायव्हर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलतं त्या इंजिनावर. तो तिरंदाज झाला. "आयुष्यभर मागून ढकलतोय, भाऊ," तो म्हणाला, "हितं मी पुढं चालनार." रुकय्याभाभींनी न्यायाधीशाचं पद घेतलं आणि पहिल्याच दुपारी स्वतःच्या नवऱ्याला फटक्यांची शिक्षा दिली.

आणि माझी बायको हिरू, जी पाल दिसली की स्टुलावर चढते, ती सरदारीण झाली. तिनं तलवार मागितली. मी दिली. तिनं दुसरी मागितली.

तीन-चार रविवार असे लढण्यात गेले. मग रुकय्याभाभींनी खुस्पट काढलं. "एवढी लूट झाली, एवढे मुडदे पडले, पण इथं कुणाचं मन कुणावर बसतच नाही? कसलं राज्य हे?"

मी पुस्तिका चाळली. राक्षसांवर पानंच्या पानं होती. विषारी विंचवावर स्वतंत्र परिच्छेद होता. प्रेमावर एक ओळ नव्हती. साहेबाच्या बुद्धीला जे सुचलं नाही ते कर्जतच्या एका स्टोअरकीपरच्या हातून होणार, या विचारानं मला भरून आलं आणि त्याच रात्री जेवणाआधी मी कागद पुढं ओढले.

इथं थोडं आमच्या लग्नाविषयी बोलावं लागेल. मी घाटावरचा, हिरू इथल्याच कडाव गावची, आगरी. लग्नात वाजंत्री, मानपान, जेवणावळी काही नकोत, या मताचा मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. आम्ही रजिस्ट्रारसमोर दोन सह्या केल्या आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. अडचण एकच होती. हिरूची आई गौराबाई ही धवलारीण. आगरी लोकांत लग्न लावायला बाई बसते. ती धवले गाते, गाण्यातून देवांना नि पितरांना मांडवात बोलावते, आणि तिनं गायल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. साऱ्या पंचक्रोशीच्या पोरींची लग्नं गौराबाईंनी गाऊन लावलेली, आणि स्वतःच्या लेकीचं मात्र उसाच्या रसावर झालं. "सह्या झाल्या, लगीन नाय झालं," असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं आणि त्यात कधी बदल केला नाही. हिरू माहेरी जायची, तिला जेवायला वाढायच्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही आणि माझं नाव तोंडातून काढलं नाही. माझा विषय निघालाच तर त्या मला 'कारखान्यातले' म्हणायच्या.

हिरू या बाबतीत कधी रडली नाही. फक्त एकदा कडावला एका लग्नाहून आल्यावर पातळाची घडी घालता घालता म्हणाली, "आई आज इतकं छान गायली. मी मागं बसून ऐकलं, परक्यासारखं." मी म्हणालो, "चालायचंच." तिनं घातलेली घडी मोडली आणि परत घातली.

असो. तर असा मी, ज्यानं स्वतःचं लग्न दोन सह्यांत उरकलं, तो आता नसलेल्या माणसांच्या प्रेमाचे नियम चार पानं लिहीत बसलो होतो. रूप, धैर्य आणि वाक्चातुर्य असे तीन गुण धरले. वीसतोंडी फासा टाकायचा आणि गुण चांगले असतील तर आकड्यात एक-दोन मिळवायचे. दहाच्या वर नजरानजर, बारानंतर एकांतात भेट, पंधरा किंवा अधिक पडल्यास चुंबन, आणि त्यापुढच्या टप्प्यांचा वेगळा तक्ता.

शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला कमी केलं नाही. मोहियुद्दीनभाई म्हणाले, "भिवाजीभाई, पहिल्या भावाला माल कुणी देत नाही. आधी नकार पायजे. गिऱ्हाईकानं पायरी उतरायला पायजे, मग हाक मारायची." धाकलूचं म्हणणं असं की मागं बँकर लावल्याशिवाय असली गाडी घाट चढत नाही, म्हणून प्रत्येक प्रेमात एक मध्यस्थ सक्तीचा करावा. आणि रुकय्याभाभींनी पंधराच्या पुढचा तक्ता हातात घेतला, वाचला, घडी केली आणि परत दिला. "इथं पडदा पाडायचा," त्या म्हणाल्या. "दोघं खोलीत गेली, पडदा पडला. बाकीच्यांनी उठून चहा घ्यायचा." मला हे इतकं पटलं की मी तक्ता फाडून तिथं 'नियम पाच : पडदा' असं लिहिलं.

प्रती काढायला मी स्टेन्सिल कारखान्यात नेलं आणि तिथंच माझ्या अब्रूला पहिलं भोक पडलं. सायक्लोस्टाइल मशीनवरून पहिलं पान निघालं ते ओळखीच्या हातांतून फिरत थेट पर्सोनेल ऑफिसरांच्या टेबलावर गेलं. मला बोलावणं आलं.

"हे काय आहे?" त्यांनी चष्मा काढून विचारलं. "'चुंबन : पंधरा किंवा अधिक'. पंधरा काय? मिनिटं?"

मी उभ्यानं सगळा खेळ समजावला. सरदारीण सांगितली, गुहा सांगितली. साहेब ऐकत राहिले. मग उठून त्यांनी दार लावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"आणि पंधराच्या खाली पडलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर नकार, साहेब."

"पण फासा पंधरावर गेला आणि तिच्याच मनात नसलं तर?"

याचा मी विचारच केला नव्हता. साहेबांनी पेन काढलं आणि समासात लिहिलं : 'कोणत्याही पक्षास, कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता माघार घेता येईल. तसे केल्याबद्दल कोणतीही कारवाई होणार नाही.' वाचून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं असावं. "हे ठेवाच," ते म्हणाले. त्यानंतर कंपनीच्या कागदाचा गैरवापर केल्याबद्दल त्यांनी मला मेमो दिला. नियम आणि मेमो दोन्ही घेऊन मी कंपनीच्या बसनं घरी आलो.

त्यानंतरच्या रविवारी मी राजपुत्र आणला. खरं सांगायचं तर या राजपुत्रावर माझा जीव होता. रूप अठरा, धैर्य अठरा. त्याच्यासाठी मी आवाजही बसवला होता, भरदार, छातीतून येणारा. राजपुत्रानं घोड्यावरून उतरून सरदारणीपुढं चांगलं पानभर भाषण केलं. धाकलू ऐकतच राहिला.

"मला नदी ओलांडायचीय," हिरू म्हणाली.

"राजपुत्र अजून बोलतोय," मी म्हणालो.

"बोलू देत. नदीवर होडी आहे का?"

सूत्रधारानं नाही म्हणू नये असं पुस्तिकेत आहे. मी नाइलाजानं होडी आणली. होडी आली म्हणजे होडीवाला आला. त्याचं काही ठरवलेलं नव्हतं, नाव नाही, गुण नाहीत, आवाज बसवायलाही सवड नव्हती. माझ्या तोंडून माझ्याच आवाजात निघालं, "बसा. पलीकडं सोडतो."

हिरूनं माझ्याकडं पाहिलं. "तू रोज इथंच असतोस?" तिनं विचारलं.

आमच्या घरात मला 'अहो' म्हणायचा रिवाज आहे. मला 'तू' म्हणणारं माणूस जगात उरलंच नव्हतं. मी गडबडलो आणि होडीवाला म्हणाला, "असतो. पाणी जास्त असलं तरी असतो." मग ती त्याला काहीबाही विचारत गेली. पलीकडं काय आहे, एकटं वाटतं का, बोलायला कुणी आहे का. मी उत्तरं देत गेलो. राजपुत्र घोड्याशेजारी ताटकळत राहिला आणि शेवटी सगळेच त्याला विसरले. मीसुद्धा.

"मला हाच हवा," हिरू म्हणाली. "विचार त्याला, माझ्याशी लगीन करशील का."

मी सूत्रधाराच्या भूमिकेत परत आलो. होडीवाल्याला गुण नाहीत, सबब वीसच पडायला हवेत, असा निर्णय दिला. हिरूनं फासा टाकला. तीन पडले.

"तो नाही म्हणतो," मी सांगितलं.

"कोण म्हणतो?"

"फासा."

"मी फाशाला नाही विचारलं," हिरू म्हणाली. "होडीवाल्याला विचारलं. तू सांग."

मोहियुद्दीनभाईंचा चहाचा कप तोंडाशी तसाच थांबला. माझ्या हातात चार पानी नियम होते, आणि त्या क्षणाला मला त्यांतला एक उपयोगी पडला नाही. माझी बायको, जिच्याशी मी इतकी वर्षं गॅसचा नंबर आणि विजेचं बिल यांविषयी बोलत आलो, ती माझ्याकडं एकटक बघत होती. "हो," होडीवाला म्हणाला. धाकलूनं टाळी वाजवली ती तेव्हा.

मी रूप, धैर्य, वाक्चातुर्य तिन्हींवर काट मारली आणि 'मनाच्या बाबतीत फासा नाही, विचारायचं' असं लिहिलं. माघार आणि पडदा तेवढे राहिले.

"आता पुढच्या रविवारी लग्न लावून टाकू," रुकय्याभाभी म्हणाल्या.

"दोन सह्यांत होईल," मी सुचवलं.

"नाही," हिरू म्हणाली. "सगळं व्हायला हवं. हळदीपासून." ती हे इतक्या हळू म्हणाली की मी नियमांचे कागद खाली ठेवले.

नेमका त्याच वेळी दारात कडावचा दूधवाला चांगो उभा होता. संध्याकाळचं दूध घालायला आला होता, किती वेळ उभा होता देवाला ठाऊक. हिरू त्याला म्हणाली, "चांगोदादा, रविवारी लगीन हाय, दूध जास्तीचं आना." चांगोनं विचारलं, "कोनाचं?" ती हसून म्हणाली, "माजंच. होडीवाल्याशी." चांगोनं माझ्याकडं पाहिलं. मी नियमावर नियम खोडून वैतागलो होतो. म्हणालो, "माझी हरकत नाही. ते आता नियमात बसतं."

चांगो कधी नव्हे तो हिशेबाचं न बोलता गेला. त्या संध्याकाळी कडावात ज्या ज्या घरी त्याच्या किटल्या टेकल्या, त्या त्या घरी बातमी टेकली : हिरू दुसरं लगीन करते, होडीवाल्याशी, आन् कारखान्यातल्यांची हरकत नाय.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी मोहियुद्दीनभाईंनी दुकानातून पिवळं कापड आणलं, रुकय्याभाभींनी हळद भिजवली, धाकलूनं दाराला आंब्याचा टहाळा बांधला. इतक्यात खाली टेंपो थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली. दारात गौराबाई उभ्या. मागं सावलीसारख्या सोबत असणाऱ्या, धवले गाताना सूर धरणाऱ्या दोघी, आणि त्यांच्या मागं दुधाचा कॅन घेतलेला चांगो, चेहऱ्यावर असा भाव की आपण फक्त दूध घालायला आलोय.

मी ताडकन उभा राहिलो. त्या उंबऱ्याबाहेरच होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी हळदीच्या वाटीकडं पाहिलं, टहाळ्याकडं पाहिलं.

"हिरू, ह्यो काय इचका चाललाय गं? कुठं हाय तुजा होडीवाला?"

मग धाकलूनं माझ्याकडं बोट केलं. मोहियुद्दीनभाईंनी केलं. शेवटी चांगोनंही केलं, जरी त्याला काही कळलेलं नव्हतं.

"ह्ये?" गौराबाई म्हणाल्या. "ह्ये तर कारखान्यातले."

मी पुढं होऊन खेळ समजावायला लागलो. सोंग, सूत्रधार, वीस तोंडांचा फासा. कधी नव्हे ते सासूशी बोलत होतो, तेही परदेशी खेळाविषयी. त्यांनी हात वर केला. "त्येंना सांग, गप ऱ्हा. मी लेकीला विचारते. ज्येच्याशी नांदतेस, त्येच्याशीच परत लगीन?"

"परत कुठं गं आई?" हिरू म्हणाली. "सह्या झाल्या, लगीन नाय झालं, आसं तूच म्हनतेस ना? मंग झालंच नाय ते आज लाव. साऱ्या गावाच्या पोरींना गायलीस. मी तुजी पोर नाय का?"

गौराबाईंचाच नियम त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला होता आणि खोडायला हातात पेन्सिलही नव्हती. नियम करणाऱ्याची ही अवस्था मी नुकतीच भोगली असल्यामुळं मला त्यांचं फार वाईट वाटलं. मग त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

"हळद आशी भिजवतात व्हय?" त्या रुकय्याभाभींना म्हणाल्या. "पाट आना. तांदळाचं पीठ आना."

त्यांनी फरशीवर पिठाचा चौक काढला आणि पाट मांडले. एकावर हिरू बसली. दुसरा रिकामा राहिला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तत्त्वाचा माणूस आहे. पाटावर बसणं माझ्या मतांत बसत नव्हतं. पण मी मनाशी म्हटलं, मी कुठं बसतोय, होडीवाला बसतोय, त्याची मतं मी ठरवलेलीच नाहीत. आणि बसलो.

गौराबाईंनी हिरूला हळद लावली. मग वाटी माझ्यासमोर आणून थांबल्या. नवरदेवाला त्या गाण्यात नावानं घेतात, आणि होडीवाल्याला नाव नव्हतं. मी कागद चाचपले. गौराबाईंनी माझ्याही गालांना हळद लावली, डोळे मिटले आणि गायला लागल्या.

त्या आवाजाचं मी काय सांगू? मी आजवर ऐकला नव्हता. म्हाताऱ्या अंगातून तो निघतोय यावर विश्वास बसेना. मागच्या दोघींनी सूर धरला आणि गौराबाईंनी एकेका देवाला हाक मारून मांडवात बोलावलं. त्यांनी डोंगरावरच्याला बोलावलं, वेशीवरच्याला बोलावलं, मग हिरूच्या गेलेल्या बापाला बोलावलं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती सगळी मंडळी दाटीवाटीनं येऊन उभी राहिली असं मला खरोखर वाटलं. आणि मग त्यांनी गायलं :

"नवरी बसली पाटावरी, हिरू माजी बाय गं,
नवरा आला कोन्या गावचा, भिवाजी त्येचं नाव गं."

माझं नाव. इतकी वर्षं त्यांनी ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे. गाण्यात ते जराही अडखळलं नाही. हिरू पाटावर बसल्या बसल्या रडायला लागली, आणि माझ्या चष्म्याच्या काचा धुकटल्या. मोहियुद्दीनभाईंनी पिवळ्या कापडाचं टोक माझ्या हातात दिलं. मी त्यानंच नाक पुसलं.

धवला संपल्यावर रुकय्याभाभी उठल्या. "नियम पाच," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना हाकलून मधल्या दाराचा पडदा ओढून घेतला. धाकलू गेला, चांगो कॅनसकट गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो, चष्मेवाले, हळदीनं माखलेले, पाय आखडलेले. फासे कोपऱ्यात तसेच पडले होते. एकमेकांकडं बघायला आम्हाला लाज वाटत होती, आणि तशी ती शेवटची कधी वाटली होती ते मला आठवेना.

पडद्यापलीकडं आमच्या स्वयंपाकघरात भांडी वाजली. स्टोव्ह पेटला. मग गौराबाईंचा आवाज आला, गाण्यातला नव्हे, रोजचा.

"जावई, साखर कुठं ठेवलीय?"

मी हिरूकडं पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "तुला विचारतेय."

साखर कुठं असते हे मला माहीत नव्हतं. स्वतःच्या घरातला साखरेचा डबा मला कधी शोधावा लागला नव्हता. पण मी पाटावरून उठलो आणि ओरडून म्हणालो, "आलो, आई." आणि शोधायला गेलो.